डाव्या बाजूचा ब्रेक

राजापेठ, अमरावती
६ जानेवारी २०२५

ताहेरभाई,

नमस्कार. तुमच्या गॅरेजात तोंडी काम घेत नाहीत, जे काय करायचं ते कागदावर लिहून पाठवावं लागतं, असं कळलं. सांगणारा म्हणाला, "म्हातारा बहिरा आहे, पण हात सोन्याचे आहेत." पहिली गोष्ट तुम्हाला माहीत असेल. दुसरी तोंडावर कोणी सांगत नाही, म्हणून मी लिहिली.

मी साधना गावंडे. वय छप्पन्न. राजापेठेत अठ्ठावीस वर्षं मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, ते गेल्या डिसेंबरात बंद केलं. अमरावतीतले निम्मे डॉक्टर आणि पाऊण वकील क्लच सोडायला माझ्याकडे शिकले. आता इंडिकेटर न देता वळणारा माणूस दिसला की मी मान खाली घालते. न जाणो, माझाच विद्यार्थी निघायचा.

तर मी गाडी घेतली. २००३ ची होंडा सिटी, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन. त्या साली एक डॉक्टर नवी कोरी अशीच गाडी घेऊन सरावाला आला होता. दोन महिने तो ती दुसऱ्या गियरमध्ये चालवत राहिला आणि मी शेजारी बसून पाहत राहिले. घोडा घाण्याला जुंपल्यासारखं वाटायचं. हे इंजिन साडेपाच हजार फेऱ्यांच्या वर गेलं की त्याचा आवाज बदलतो म्हणे. मी तो अजून ऐकलेला नाही.

गाडी तेल्हाऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या पुतण्याकडून घेतली. त्याने तिचं काय करून ठेवलं आहे ते तुम्ही पाहालच. पोटाखाली निळे दिवे, डिकीवर उलट्या बाजेसारखा पंख, डिकीत स्पीकर, आणि हॉर्न दाबला की लग्नाची वरात येते. हे सगळं आधी काढा. मग इंजिन खोला. त्याला श्वास नीट घेता यावा, टायर रुंद असावेत, शॉकअप कडक असावेत, आणि ब्रेक असे असावेत की विचार केला की गाडी थांबेल. सायलेन्सरचा आवाज कायद्यात बसेल एवढाच ठेवा. मी लोकांना नियम शिकवून जगले आहे, त्यांची झोप मोडायला गाडी घेतलेली नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शिकवण्याच्या गाडीत डावीकडे एक जादा ब्रेक असतो. अठ्ठावीस वर्षं मी डाव्या सीटवर त्या ब्रेकवर पाय ठेवून बसले. गाडी दुसऱ्याची चालायची, जीव माझा जायचा. आता मला उजवीकडे बसायचं आहे, आणि गाडीत ब्रेक एकच हवा. माझा.

साधना गावंडे


अकोला
१३ जानेवारी

साधनाबाई, सलाम.

गाडी टोचन करून आणली. दोरीले बांधून आली, पण मान वर होती तिची.

बहिरा आहो, हे खरं. चाळीस वर्षं उघड्या इंजिनापाशी कान लावला, एक दिवस कानानं राजीनामा देला. कागदाचा नियम त्याच्यानंतरचा. गिऱ्हाईक म्हणे, मी असं बोललोच नाई. मी म्हणो, मी तं ऐकलंच नाई. दोघंही खरे, अन् भांडण काही मिटे ना. आता कागद खिळ्याले लावतो अन् कागदावर आहे तेवढंच करतो. जास्त नाई, कमी नाई.

इंजिन मी दातानं ऐकतो. लांब पेचकस दातात धरायचा अन् टोक इंजिनावर टेकवायचं. तुमचं इंजिन चांगलं आहे. मागच्या मालकानं त्याले त्रास नाई देला, सगळा त्रास शेजाऱ्यापाजाऱ्याले देला. खालचा पत्रा दोन जागी सडला आहे, तो बदलतो. निळे दिवे काढले तं अकरा निघाले.

मापं पाठवा. बसल्यावर गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती, खांद्यापासून मनगटापर्यंत किती, गाडीत चप्पल घालता का बूट. तुमाले वाटन शिंपी आहे का हा. पण सीट अन् पेडल मी मापानं बसवतो.

आणखीन एक. कागदावर साहेबांची पण सही पाठवा. बाईची गाडी असली की मागून साहेब येते अन् म्हणते, हे कोणाले विचारून केलं. मंग मले ऐकू येत नाई, अन् त्याले थांबता येत नाई.

ताहेर


राजापेठ
१८ जानेवारी

ताहेरभाई,

साहेबांची सही मिळणार नाही. आरसी बुकावर नाव माझं, पैसे माझे, आणि ब्रेक दाबून दाबून झिजलेला उजवा गुडघा तोही माझा. पुन्हा सही मागितलीत तर गाडी दोरी बांधून परत आणेन.

तरी साहेब कोण ते सांगून ठेवते. शालिकराम गावंडे, भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त. त्यांना गाडी चालवता येत नाही. माझ्याच शाळेत तीनदा शिकायला बसले आणि तिन्ही वेळा मीच त्यांना नापास केलं. तिसऱ्यांदा रिव्हर्स घेताना त्यांनी शेजारच्या दुर्गाबाईंचं कुंपण दोन फूट आत सरकवलं. मोजणी न करता त्यांनी हलवलेली ती एकमेव हद्द. घरात मात्र अजून सगळं त्यांच्या ऑफिसच्या भाषेत चालतं. भाजीत मीठ कमी पडलं तर "सदर बाबतीत त्रुटी आढळते" म्हणतात.

दुर्गाबाईंनी काल कुंपणावरून विचारलं, "साधना, या वयात माणूस तीर्थाले जाते, तू गाडी घेऊन राहिली?" मी म्हटलं, तीर्थाला पण रस्त्यानंच जातात. मुलगा विपुल पुण्याला असतो. तो रोज ऑटोमॅटिक गाड्यांचे फोटो पाठवतो. "आई, त्यात काही करावंच लागत नाही." मी लिहिलं, काही करावं लागू नये म्हणून तुला इंजिनिअर केलं, मला अजून करायचं आहे.

मापं मागच्या पानावर. बूट घालते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मापं घेताना हेही कळलेलं बरं. तेल्हाऱ्याला गाडी चालवून पाहायची तेव्हा मी सवयीने डावं दार उघडून बसले. व्यापाऱ्याच्या घरचे हसले. मग उजवीकडे बसले, गावाबाहेर काढली, आणि बासष्टच्या वर माझा पाय गेला नाही. पायानं ऐकलंच नाही. चार हजार माणसांना गाडी शिकवणाऱ्या बाईचा आयुष्यातला सगळ्यात जास्त वेग बासष्ट. शेजारी गावंडे साहेब पायाखालची चटई अशी दाबून धरून बसले होते की तेल्हाऱ्याच्या मातीत खळगा पडला असेल.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. ऐकू येत नसलं तरी बोलता येतं, हे मला माहीत आहे.

साधना


अकोला
३ फेब्रुवारी

बाई,

सही मागतली ते चुकलं. तुमचं पत्र नसीमबानोले, आमच्या घरच्यांले, वाचून दाखवलं. ती म्हणे, ही बाई आपल्या घरात असती तं तुमी वीस वर्षं आधीच बहिरे झाले असते.

काम चालू आहे. पत्रा बदलला. टॅपेट बसवले. इंजिनातून धूर बाहेर नेते त्या चार नळ्या मी हातानं वाकवून नव्या केल्या, आता इंजिन दमा लागल्यासारखं करत नाई. पुढचे ब्रेक मोठे टाकले. शहरातले नवे पोट्टे लॅपटॉप लावून गाडी वाढवते. एक जण पाहाले आला, म्हणे चाचा, किती हॉर्सपॉवर वाढली, रिपोर्ट दाखवा. मी त्याच्या हाती पेचकस देला, म्हटलं दातात धर. त्यानं धरला. पाच मिनिटं तसाच उभा होता. जाताना रिपोर्टाचं नाव नाई काढलं.

मार्चाच्या नऊला रविवार आहे. रमजान राहीन, पण मी दुकानातच राहीन. गाडी नेऊन जा.

बासष्टचं कोणाले सांगणार नाई. चार हजार लोकांचा जीव वाचवला त्या पायाले जोर लावाची सवय नाई, थांबवाची आहे. सवय बदलते.

ताहेर


जा. क्र. ०१/खाजगी/२०२५
राजापेठ, अमरावती
दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. श्री. ताहेरभाई, अकोला यांस सादर.

विषय : वाहनाच्या डाव्या बाजूस अतिरिक्त ब्रेक बसविणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर वाहनाचा संभाव्य वेग विचारात घेता, चालकाच्या शेजारील आसनापुढे प्रशिक्षण वाहनाप्रमाणे अतिरिक्त ब्रेक पेडल कृपया बसविण्यात यावे. पूर्वीच्या पत्रातील यासंबंधीचा मजकूर रद्द समजावा. सदर पेडल डोळ्यांत भरणार नाही अशा रीतीने, काळ्या रंगात असावे.

हा विषय नाजूक असल्याने पुढील पत्रव्यवहारात त्याचा उल्लेख कृपया टाळावा. तसदीबद्दल क्षमस्व.

आपली विश्वासू,
साधना शा. गावंडे


अकोला
२० फेब्रुवारी

बाई,

कागद पोचला. खिळ्याले लावला. कागदाप्रमाणे होऊन जाईन. तुमी म्हणता तं मी त्याच्यावर काही लिहीत नाई.

फक्त एवढंच म्हणतो, भीती वाटणं म्हणजे काही पाप नाई. नसीमबानो पण म्हणे, बाईले जास्त विचारू नका.

ताहेर


राजापेठ
२४ फेब्रुवारी

ताहेरभाई,

मापांचा कागद खिळ्याला लावलात, बरं केलं. पण भीती कोणाला? बासष्टचं तुम्हाला विश्वासाने लिहिलं, त्याचा तुम्ही घरी बसून फातिहा वाचू लागलात की काय? नसीमबानोंना सांगा, मला हवं ते विचारा, मी उत्तर देईन आणि वर चार ऐकवेन.

नऊला येते. गावंडे साहेबही येतील. गेले पंधरा दिवस ते गाडीबद्दल एक शब्द वाईट बोललेले नाहीत. काल तर स्वतःहून म्हणाले, "बरी आहे तशी गाडी." एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी एवढी पटकन माघार कधी घेतली नव्हती. वय झालं असेल.

साधना


राजापेठ
११ मार्च

ताहेर,

भाई लावत नाही. पुढचं वाचलंत की का ते कळेल.

रविवारी तुम्ही किल्ली दिली, छातीवर हात ठेवला, मी आभार मानले. गाडी देखणी झाली होती. नुसती काळी, साधी, अंगावर एक दागिना नाही. मी ठरवून आले होते की आज डावीकडे पाहायचंसुद्धा नाही. म्हणून नाही पाहिलं. गावंडे साहेब डावीकडे बसले, पट्टा लावला, आणि मला वाटलं किती शांत बसले आहेत.

बोरगाव मंजू मागे पडलं. रस्ता मोकळा होता. तिसरा गियर टाकला, पाय खाली गेला, आणि या वेळी तो माझं ऐकत होता. काटा पाच हजारांच्या पुढे सरकला. आवाज बदलणार, एवढ्यात गाडीचं नाक खाली आपटलं, पट्टा माझ्या गळ्यात रुतला, मागचा ट्रक हॉर्न देत शेजारून अंगावरून गेल्यासारखा गेला. मला वाटलं इंजिन गेलं. तुमचं काम गेलं असं वाटून आधी मला तुमचीच कीव आली.

मग डावीकडे पाहिलं. काळ्या पेडलवर गावंडे साहेबांचा पाय होता. दोन्ही पाय होते.

मी गाडी फिरवली आणि चाळीसच्या वेगाने परत तुमच्या दारात आणली. किल्ली तुमच्या बाकावर टाकली. तुमच्याशी भांडता येत नाही हा तुमचा मोठा बचाव आहे, आणि लिहून भांडायला मला चार पानं आणि दोन दिवस लागतात. एसटीने परत आलो. ते पुढच्या सीटवर, मी मागच्या.

पहिल्याच पत्रात मी लिहिलं होतं, गाडीत ब्रेक एकच हवा. कागदावर आहे तेवढंच करता ना तुम्ही? मग तो दुसरा कोणत्या कागदावर होता? नवऱ्याने कानात सांगितलं म्हणावं, तर कान नाहीत.

साधना गावंडे


अकोला
१५ मार्च

बाई,

कागद सोबत पाठवतो. खिळ्याचं भोक मधात पडलं आहे, पण वाचाले येते. खाली सही तुमच्या नावाची आहे. तुमीच पाहा कोणाची ते.

तुमी रागानं किल्ली फेकली तेव्हा मले काही समजलं नाई. पत्र आल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवले अन् मंग डोक्यात उजेड पडला. तुमच्या एका पानात मले कमीत कमी तीन टोमणे राहते. ह्या कागदात दोन कृपया अन् एक क्षमस्व. मले तेव्हाच समजाले पायजे होतं. पण मी काय समजलो तं बाई घाबरली. घाबरलं की माणूस नम्र होते, मी पाह्यलं आहे. म्हटलं बाईले शरम वाटून राहिली असन, आपण जास्त बोलाचं नाई. पेडल लावताना मले बी बरं वाटलं नाई, पण कागद होता.

ही माही चूक. सही पाह्यली, माणूस नाई पाह्यलं. त्याची माफी मागतो.

तुमचे साहेब पण अजब आहेत. बायकोच्या नावानं चोरून लिहाले बसले अन् वर जावक नंबर टाकून ठेवला.

पेडल अजून गाडीत आहे. काढू का? कागदावर लिहा.

ताहेर


प्रेषक : स्वयंपाकघर
प्रति : पुढची खोली
दिनांक : १९ मार्च

विषय : माझ्या नावाने केलेल्या सहीबाबत खुलासा मागविणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले जा. क्र. ०१ चे पत्र या कार्यालयास अकोल्याहून प्राप्त झाले आहे. सही माझी नाही. माझ्या 'ध'ची गाठ तुम्हाला आजवर जमलेली नाही.

दहा दिवस तुम्ही तोंड उघडलेलं नाही, मीही उघडलेलं नाही, आणि दुर्गाबाई दोन वेळा साखर मागायच्या निमित्ताने ऐकून गेल्या. तेव्हा लेखीच विचारते. मी चार हजार लोकांशेजारी बसले. त्यांच्या हातात माझा जीव होता, पण ब्रेक दाबण्याआधी मी दर वेळी तोंडानं सांगितलं, मी दाबते आहे. तुम्ही का सांगितलं नाही?

खुलासा चहाच्या कपाखाली ठेवावा. मुदत : उद्याचा चहा.

साधना


पुढची खोली
२० मार्च

साधना,

ऑफिसच्या भाषेत लिहाले बसलो होतो. जमलं नाही.

सांगितलं असतं तं तू नाही म्हटलं असतं. म्हणून नाही सांगितलं. दुसरं कारण नाही.

अठ्ठावीस वर्षं तू सकाळी सहाले नवशिक्याच्या शेजारी बसून जात होती. एकदा गर्ल्स हायस्कूल चौकात त्या पोरानं गाडी दुभाजकावर चढवली, तुया गुडघा बांधून आणला. तरी मले दुसऱ्या दिवशी भीती वाटली नाही, कारण ब्रेक तुयाजवळ होता. आताही तुयाजवळच आहे. पण तो दाबाचा तुया विचार दिसत नाही.

तेल्हाऱ्याले बासष्टवर तुया चेहरा पाह्यला. तसा मी कधी पाह्यला नव्हता, लग्नातही नाही. मी गाडीले नाही, त्या चेहऱ्याले घाबरलो. हे लिहून ठेवतो, पुन्हा तोंडानं म्हणणार नाही.

चूक झाली असं म्हणत नाही. पकडल्या गेलो असं म्हणतो. ट्रकवाला मागून आला तेव्हा मात्र समजलं की मी वाचवाले नाही, माराले बसलो होतो.

पेडल काढ. मी त्या गाडीत बसणार नाही. जिथं जायचं तिथं एसटीनं येईन.

शालिकराम


राजापेठ
२४ मार्च

ताहेरभाई,

भाई परत लावते.

कागदावर लिहून देते: डाव्या बाजूचा ब्रेक काढा. पेडल, दांडी, केबल, सगळं. झाकून ठेवू नका, तोडून ठेवू नका, काढा. ज्या भोकातून केबल गेली ते भोकही बुजवा. सही माझी आहे, 'ध'ची गाठ तपासून घ्या.

आणि तुमच्या चुकीबद्दल. मी नम्र झाले म्हणजे घाबरले, असं तुम्ही समजलात. इथे सगळेच तसं समजतात, आणि बाई नम्र नसली की तिला उद्धट म्हणतात. म्हणजे बाईला वागायला जागा उरते दोन बोटं. मी त्या दोन बोटांत अठ्ठावीस वर्षं दुसऱ्या गियरमध्ये राहिले. पुन्हा कधी माझ्या नावाने मऊ पत्र आलं तर समजा की मी मेले, आणि पत्र जाळा.

पण एक खरंही लिहिते. तुमचा अंदाज चुकीच्या कागदावरून होता, तरी सगळा चूक नव्हता. भीती आहे. त्या ट्रकच्या आधीही होती. तिला मी गाडीत बसायची परवानगी दिली आहे, ब्रेक देणार नाही.

तुमची ईद झाली की ६ एप्रिलच्या रविवारी येते. एकटीच. नसीमबानोंना शीरखुर्मा ठेवायला सांगा, आणि सांगा की बाई विचारा म्हणते.

साधना


राजापेठ
१५ एप्रिल

ताहेरभाई,

शीरखुर्मा चांगला होता. नसीमबानोंनी मला विचारलं, "डर लगता है?" मी म्हटलं, लगता है. त्या म्हणाल्या, "तो जल्दी जाओ, धूप चढ जाएगी." तुमच्या घरात ऐकू येणाऱ्या माणसाला शब्द कमी लागतात.

तुम्ही त्या दिवशी बोनेटवर हात ठेवून उभे होतात आणि मी गाडी सुरू केली तेव्हा हसलात. तुम्हाला काय कळलं ते मला अजून माहीत नाही. मला काय कळलं ते सांगते.

बोरगाव मंजूपर्यंत ऐंशी. उजवा पाय सवयीने ब्रेककडे सरकत होता, मी त्याला परत आणत होते. डावी सीट रिकामी होती आणि मी दोन वेळा तिच्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा तिथे कोणी नव्हतं. पुढे रस्ता सरळ झाला, आरशात मागे काही नाही, समोर काही नाही, दोन्ही बाजूंना तूर काढलेली काळी वावरं. तिसरा टाकला. चार हजार, पाच हजार. गेल्या वेळी जिथे नाक आपटलं होतं ती जागा आली आणि गेली. साडेपाच हजारांवर आवाज बदलला.

तो आवाज कसा होता हे तुम्हाला कसं लिहू. तुमच्या दातांना तो माझ्याआधी माहीत आहे. मला एवढंच वाटलं की बरंच काही आतल्या आत बोलून झाल्यावर कोणी तरी एकदाचं मोठ्याने बोललं. वेग लिहीत नाही. तुम्ही कागद खिळ्याला लावता, आणि मी अजून नियम पाळणारी बाई म्हणून ओळखली जाते. काटा कायद्याच्या मर्यादेपर्यंत नेला आणि तिथे धरला, एवढं सांगते. तीच खरी शिकवण, बाकी सगळे जण ओलांडायलाच शिकतात. मग ब्रेक मीच दाबला. मूर्तिजापूरच्या थोडं अलीकडे, चहा प्यायचा म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

घरी आले तर दुर्गाबाई कुंपणाशी उभ्या. म्हणाल्या, "एकटी आली?" मी म्हटलं, हो, आणि वेळेआधी. गावंडे साहेब पायरीवर बसले होते. रात्री जेवताना म्हणाले, "सदर वाहनाबाबत अहवाल?" मी म्हटलं, अहवाल तोंडी देत नाही, हवा असेल तर शेजारी बसून घ्यावा लागेल. ते म्हणाले, "माहे पाय राहणार नाहीत जागेवर. आपोआप जातेत." मी म्हटलं, मग त्यांची सोय करा. पाय गाडीच्या तळाला लागले तर तिथेच उतरवीन. ऊन असो की पाऊस.

हे माझं उत्तर अंतिम होतं. परवा रविवारी सकाळी माणूस बूट न घालता, धुतलेले पाय घेऊन गाडीपाशी आला.

आम्ही मूर्तिजापूरपर्यंत गेलो. डाव्या सीटवर गावंडे साहेब मांडी घालून बसले. पट्टा बांधलेला, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. डोळे बडनेऱ्यापर्यंत मिटलेले होते. पुढे एक उघडला, मग दुसरा. आवाज बदलला तेव्हा त्यांनी मांडी सोडली नाही, नुसती आवळली. म्हणाले, "अच्छा. हे असं आहे काय." एवढंच. मी मान हलवली नाही, रस्त्याकडे पाहत होते.

पेट्रोल पंपावर थांबलो. पंपावरच्या माणसाने काचेतून आत पाहिलं. पांढरा सदरा, मांडी, ताठ पाठ, आणि बाई गाडी चालवणारी. त्याने आधी त्यांना वाकून नमस्कार केला आणि मग मला विचारलं, "महाराज कुठचे?" मी म्हटलं, भूमी अभिलेखचे. टाकी भरली, झाकण लावलं. तो पुन्हा हात जोडून उभा राहिला. गावंडे साहेबांनी थोडा विचार केला आणि आशीर्वादाला हात वर केला.

तो हात खाली येईपर्यंत मी तिसऱ्या गियरमध्ये होते.

साधना